हिवाळी सकाळ जलरंगात: धुकं राखायचा क्रम

गावाकडच्या हिवाळी सकाळचं जलरंगचित्र बहुतेकांचं एकाच जागी फसतं. जवळची झाडं, कौलारू घर, बैलगाडी आधी हौसेने रंगवून होतात आणि मग त्यांच्यामागे धुकं दाखवायची वेळ येते. तोवर कागदाचा उजेड संपलेला असतो. मग पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडली जाते, झाडांवरून पांढरट हात फिरतो आणि खडूची पूड उडाल्यासारखं सगळं चित्र भुरकट होतं.

जलरंगात धुकं नंतर घालता येत नाही. पहिल्या वॉशपासून, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्या पातळ थरापासून, ते राखत न्यावं लागतं. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे, म्हणून पायऱ्यांची अदलाबदल करू नका. ज्यांना वॉश घालता येतो, रंग मिसळता येतात, पण चित्र पूर्ण होताना बिघडतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

## आपला हिवाळा आधी नीट पाहा

परदेशी व्हिडिओंवर सराव केलेला हात आपोआप निष्पर्ण झाडं आणि गडद निळ्या सावल्या काढू लागतो. देशावरच्या हिवाळ्यात वड, आंबा, चिंच, बाभूळ हिरवीच असतात. पानं झडून मोकळी झालेली दिसते ती एखादी शेवरी किंवा पांगारा, तीही पौष-माघाकडे. सगळी झाडं काटक्यांची काढलीत की चित्र आपल्या गावाचं राहत नाही.

आपल्याकडे हिवाळा ओळखू येतो तो वेगळ्या खुणांनी. डोंगरउतारावरचं गवत वाळून सोनेरी-पिवळं पडलेलं असतं. उसाला चंदेरी, किंचित गुलाबी तुरे आलेले असतात. शाळू उभा असतो. आंब्याला मोहोर आला असेल तर झाडाचा वरचा भाग हिरव्याऐवजी तांबूस-पिवळा दिसतो. चुलीचा धूर वर न चढता आडवा पसरतो. माणसांच्या अंगावर घोंगडी, मफलर, कानटोपी असते. यातल्या दोन-तीन खुणा चित्रात आल्या तरी पुरे. सगळ्या कोंबू नका.

उदाहरणासाठी वाईचं खोरं घेऊ. उसाच्या बांधावर उभं राहून उत्तरेला पाहतो आहोत. मागे पांडवगडाचा सपाट माथा, मध्ये धुक्यात अर्धी बुडालेली झाडी, डाव्या बाजूला दोन-तीन कौलारू घरं, पुढे शाळूचं शेत आणि त्यातून जाणारी गाडीवाट. डिसेंबरअखेरीस सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि तोही पूर्वेच्या बराच दक्षिणेकडून. म्हणजे आपल्या दृश्यात उजेड उजवीकडून, थोडा आपल्या पाठीमागून येतो आणि सावल्या डावीकडे, किंचित आत पडतात. हे बोर्डाच्या कडेला पेन्सिलीने बाण काढून लिहून ठेवा. चित्राच्या मध्यावर उजेडाची दिशा विसरली जाते आणि घराची सावली एकीकडे, झाडाची दुसरीकडे पडते.

वेळही ठरवून घ्या. धुकं दाट असताना सावल्या नसतातच. सूर्य वर आल्यावर पुढचं शेत उजळतं आणि धुकं फक्त मागच्या सखल भागात उरतं. आपण ही दुसरी वेळ रंगवणार आहोत. दाट धुकं आणि कडक सावल्या एकाच ठिकाणी दाखवणं ही फार वारंवार दिसणारी चूक आहे.

## तयारी

कागद. ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागद घ्या. साध्या लगद्याच्या कागदावर पहिला वॉश पटकन सुकतो आणि दुसऱ्या हाताला पृष्ठभाग सोलवटतो. धुक्यासाठी लागणारी सावकाश ओल त्यावर मिळत नाही. आकार क्वार्टर इम्पिरिअल, म्हणजे ११ × १५ इंच. त्याहून मोठा कागद सुरुवातीला नको, कारण एका ओलीत तो सांभाळता येत नाही.

जुना कागद असेल तर कोपऱ्यावर आधी पातळ वॉश घालून बघा. पावसाळ्यात दमट जागी राहिलेल्या कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून केलेली प्रक्रिया) बिघडतं आणि वॉशमध्ये शोषल्याचे गडद ठिपके उमटतात. असा कागद सरावाला ठेवा. त्याच्यावर आकाश कधीच सपाट बसत नाही, कितीही कौशल्य असलं तरी.

बोर्ड आणि टेप. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर घट्ट चिकटवा. कागद पातळ असेल तर तो पाण्यात पाचेक मिनिटं भिजवून, पाण्याने चिकटणाऱ्या गमटेपने ताणून रात्रभर सुकू द्या. न ताणलेला कागद ओलीत फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो आणि धुक्यात पट्टे दिसू लागतात.

ब्रश. एक मोठा मॉप (जाड, मऊ, भरपूर पाणी धरणारा ब्रश) किंवा एक इंची चपटा, गोल १२ आणि ८ नंबर, एक टोकदार ४ नंबर आणि फांद्यांसाठी रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश). लहान ब्रश पहिला तासभर डब्यातच राहू द्या.

रंग. कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन ब्लू, यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, सॅप ग्रीन आणि एक थंड (निळसर झाकेचा) लाल. थंड लालसाठी जुन्या अलिझरीन क्रिमझनऐवजी पर्मनंट अलिझरीन किंवा क्विनाक्रिडोन रोझ घ्या. मूळ अलिझरीन उजेडात उडतं. काळा आणि थॅलो ब्लू या चित्रापुरते बाजूला ठेवा. थॅलो कागदात इतका मुरतो की नंतर उचलता, म्हणजे ओल्या ब्रशने काढून घेता येत नाही, आणि धुक्याच्या चित्रात उचलता येणं फार कामाचं असतं. अल्ट्रामरीन आणि ऑकर बऱ्यापैकी उचलले जातात.

पाणी. दोन भांडी: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं. गढूळ पाण्यात आकाशाचा वॉश कालवला की तो करडा होतो आणि दोष रंगाला दिला जातो. शिवाय सुती फडकं, टिश्यू आणि छोटी स्प्रे बाटली.

तपासा: पॅलेटच्या सगळ्या कुंड्यांत रंग पिळून, थोडा ओला करून तयार आहे का? वॉश ओला असताना ट्यूबचं झाकण फिरवत बसलात तर तो वॉश गेला.

## ओल ओळखा, मगच ब्रश लावा

रंगाच्या मिश्रणांवर जितका वेळ जातो तितका ओल समजून घेण्यावर जात नाही. धुक्याच्या चित्राचं निम्मं काम इथे आहे. वॉश घातल्यावर कागद चार अवस्थांतून जातो.

पहिली चकाकती ओल. कागद तिरका धरला की पृष्ठभागावर पाणी झळकतं. यात टाकलेला रंग मोकळा पसरतो, त्याला आकार राहत नाही. आकाश आणि धुक्याचा पहिला थर इथेच होतो.

दुसरी मंद ओल. पाणी दिसेनासं होतं, पण पृष्ठभागावर हलकी झळाळी उरते. यात दाट रंग ठेवला तर आकार टिकतो आणि कडा मऊ राहतात. दूरची झाडी याच अवस्थेत काढायची. ही वेळ काही मिनिटांचीच असते, म्हणून तिच्यासाठी रंग आधी कालवून ठेवावा लागतो.

तिसरी गार अवस्था. कागद कोरडा दिसतो, पण हाताच्या पाठीने स्पर्श केला की गार लागतो. इथे ब्रश लावू नका. पाणीदार ब्रश टेकताच आधीचा रंग बाजूला ढकलला जातो आणि फुलकोबीसारख्या कातरलेल्या कडा उमटतात. चित्रांचं सर्वांत जास्त नुकसान याच अवस्थेत होतं, कारण डोळ्यांना कागद सुकलेला वाटतो.

चौथी पूर्ण कोरडी. हाताच्या पाठीला कागद आता गार लागत नाही. आता कडक कडा मिळतात.

यातून एकच नियम लक्षात ठेवा: ओल्या कागदावर जाणाऱ्या ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. कागद जितका सुकत आला तितका रंग दाट. ब्रश रंगात बुडवल्यावर तो फडक्यावर एकदा टेकवायची सवय लावून घ्या.

बाहेर बसून काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट. सकाळी सातला दव आणि गारठ्यामुळे वॉश सुकता सुकत नाही. दहानंतर तोच वॉश बघता बघता वाळतो, कारण आपल्याकडची हिवाळी दुपार कोरडी असते. म्हणून आकाश-धुकं सकाळी लवकर आणि कडक कडांचं काम उशिरा, हा क्रम हवेलाही धरून आहे. हेअर ड्रायर वापरायचा तर मंद ओल पूर्ण गेल्यावर आणि लांबून. चकाकत्या ओलीवर वारा मारला की रंग ढकलला जातो.

## टप्पा १: हातभर कागदाआधी बोटभर चित्र

पोस्टकार्डाहून लहान चौकट आखा आणि पेन्सिलीने फक्त पाच टोनमध्ये दृश्य मांडा. कोरा कागद एक, सर्वांत गडद पाच. वाईच्या दृश्यासाठी मांडणी अशी: धुकं एक, आकाश आणि डोंगर दोन, मधली झाडी खाली दोन आणि शेंड्याला तीन, शेत तीन, घरांची सावलीतली बाजू चार, दाराचा अंधार आणि गाडीचं चाक पाच.

डोंगर दूर असल्यामुळे फिका, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी रंगवताना तो गडद होतो, कारण डोळ्यासमोर त्याचा आकार मोठा असतो आणि मन त्याला वजन देतं. हे छोटं टोनचित्र बोर्डाच्या वरच्या कडेला चिकटवा आणि दर टप्प्याला त्याच्याशी ताडून बघा.

मोबाइलच्या फोटोवरून काम करणार असाल तर फोटोतल्या टोनवर विसंबू नका. कॅमेरा सावल्या उजळतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि धुक्यातली कोवळी उतरण तिथेच हरवते. जागेवर उभं राहून डोळे किलकिले करून केलेली दोन मिनिटांची टोननोंद फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडते.

## टप्पा २: रेखाटन

एचबी किंवा २बी पेन्सिल, हलका हात. क्षितिजरेषा कागदाच्या मध्यावर नको. खालच्या तिसऱ्या भागाच्या जवळपास आणा, म्हणजे धुक्याला जागा मिळेल. डोंगराची वरची रेघ काढा, खालची काढू नका. तो खाली धुक्यात संपणार आहे. झाडांचेही फक्त शेंडे सुचवा, बुंधे नकोत. घरं मात्र नीट काढा, कारण कौलांचा उतार चुकला तर तो रंगाने झाकत नाही.

सावधान: खोडरबर घासून वापरलेल्या जागी कागदाचे तंतू उठतात आणि तिथे रंग गडद धरतो. आकाशाच्या भागात खोडरबर चालवूच नका.

## टप्पा ३: आकाश आणि धुक्याचा पहिला वॉश

या एका वॉशवर चित्र उभं राहतं, म्हणून इथे घाई नाही.

तीन मिश्रणं आधी कालवा, प्रत्येकी दोन-तीन चमचे भरतील इतकी. पहिलं, यलो ऑकर अगदी पातळ, त्यात थंड लालचा कण. दुसरं, कोबाल्ट ब्लूमध्ये लाइट रेडचा कण. हा करडा निळा. तिसरं, यलो ऑकर आणि रॉ सिएना, पहिल्यापेक्षा थोडं दाट. हे पुढच्या शेतासाठी. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून पॅलेटवर मिश्रण हवं त्यापेक्षा जरा गडदच दिसायला हवं.

बोर्ड मागून दोन-तीन इंच उचला. संपूर्ण कागदावर स्वच्छ पाण्याचा हात फिरवा. फक्त घरांच्या उजेडातल्या बाजू आणि उसाचे तुरे कोरडे ठेवा. पाणी मुरू द्या, पुन्हा एक हलका हात द्या. आता चकाकती ओल आहे.

आधी क्षितिजाच्या वर ऑकरची पट्टी. मग वरून करडा निळा खाली आणा आणि ऑकरच्या बराच आधी थांबा. मध्ये नुसतं पाणी राहू द्या. दोन्ही रंग आपसूक एकमेकांकडे येतील. ब्रशने मिसळायला गेलात तर हिरवट आकाश होईल. निळ्यातला लाइट रेडचा कण तेवढ्याचसाठी आहे.

क्षितिजाजवळचा, धुक्याचा पट्टा कोरा सोडा. त्याच्या खाली शेताचं मिश्रण घाला. वरची कड पाण्याच्या ब्रशने धुक्यात विरघळवा. मग ब्रश खाली ठेवा.

सावधान: ओल्या आकाशात एखादा डाग दिसला की हात तिकडे धावतो. जाऊ देऊ नका. निम्मे डाग सुकताना मिटतात, आणि उरलेले दुरुस्त करायला गेल्यावर दुप्पट होतात.

तपासा: पूर्ण सुकल्यावर चित्र तीन पावलांवरून बघा. आकाश फिकं, धुक्याचा पट्टा त्याहून फिका, शेत उबदार. धुकं कागदाइतकं उजळ दिसत नसेल तर आताच नवीन कागद घ्या. पुढच्या पाच टप्प्यांत ते उजळ होणार नाही.

## टप्पा ४: डोंगर

कागद पूर्ण कोरडा हवा. कोबाल्ट ब्लू आणि लाइट रेड मिसळून फिका जांभळट करडा करा. आकाशापेक्षा अर्धा टोन गडद, त्याहून जास्त नाही.

डोंगराची वरची रेघ एका दमात काढा. पांडवगडाचा माथा सपाट आणि त्याखाली कातळाची पट्टी आहे. टोकदार त्रिकोण काढलात तर तो सह्याद्री वाटत नाही. बेसाल्टच्या थरांमुळे आपल्या डोंगरांना आडव्या पायऱ्या असतात, त्या एक-दोन आडव्या फटकाऱ्यांत सुचवा. वरची कड कडक ठेवून रंग खाली ओढा, आणि अर्ध्या उंचीवर येताच दुसऱ्या, नुसत्या पाण्याच्या ब्रशने तो खाली पाणावत न्या, इतका की धुक्यात कुठे संपला ते सांगता येऊ नये.

रंग ओला असतानाच उजव्या उतारावर रॉ सिएनाचा पातळ स्पर्श द्या. वाळलेल्या गवतावर उजेड पडलेला आहे. तेवढ्या एका स्पर्शाने ऋतू कळतो.

तपासा: डोंगराचा पायथा माथ्यापेक्षा फिका आहे का? सवयीने खालचा भाग गडद करून डोंगर "बसवला" जातो. धुक्यात नेमकं उलट असतं.

## टप्पा ५: मधली झाडी आणि धूर

डोंगर सुकला की मधल्या पट्ट्यावर स्वच्छ पाणी द्या, डोंगराच्या खालच्या भागापासून शेताच्या कडेपर्यंत. आता थांबा. चकाकी जाऊन मंद ओल येईपर्यंत ब्रश हातात घेऊ नका.

या वेळात अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि थोडा सॅप ग्रीन यांचं मिश्रण करा. नुसता सॅप ग्रीन कधीच नको. सकाळच्या धुक्यातून हिरवा रंग करडा होऊनच डोळ्यांपर्यंत येतो. मिश्रण दाट ठेवा, ब्रश फडक्यावर टिपा.

मंद ओल आली की झाडांचे शेंडे ठेवा. वरून सुरुवात करून खाली येताना ब्रशमधला रंग आपोआप संपू द्या. पुन्हा भरू नका. झाडाचा वरचा भाग गडद आणि खालचा विरलेला, एवढंच करायचं. दोन झाडांमध्ये अंतर असमान ठेवा. एक वडाचा पसरट आकार, एक आंब्याचा गोलसर, बाकी नुसता झाडीचा पट्टा. आंब्याच्या शेंड्यावर बर्न्ट सिएनाचा थेंब दिलात की मोहोर आला.

आता धूर. हिवाळी सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरचा थर त्यामानाने उबदार असतो. त्यामुळे घरातून निघालेला धूर थोडा वर चढतो, अडतो आणि आडवा पसरतो. गावावर एक निळसर थर तरंगतो तो यामुळे. सरळ वर जाणारी वेटोळी काढलीत तर ती कुठल्याही ऋतूतली होते. पद्धत सोपी आहे: झाडी अजून मंद ओलीत असतानाच, धुऊन घट्ट पिळलेल्या चपट्या ब्रशने घरांच्या वरून एक आडवा हात फिरवून रंग उचला. एकदाच. प्रत्येक वेळी ब्रश धुवा, नाहीतर उचललेला रंग शेजारी परत लागतो.

उसाचा फड उजव्या कडेला आहे. तुऱ्यांची जागा कोरी ठेवली होती. त्यांच्यामागे झाडीचा गडद रंग आला की ते स्वतःच उठून दिसतात. सुकल्यावर थंड लालचा अगदी पातळ हात पुरे.

सावधान: झाडं ठेवताना रंग पिसारून लांब धावू लागला तर कागद जास्त ओला आहे. लगेच थांबा, ब्रश टिपा, अर्धा मिनिट जाऊ द्या.

## टप्पा ६: घरं आणि शेत

इथून पुढे कोरडा कागद आणि कडक कडा. पहिल्यांदाच ८ नंबरचा ब्रश घ्या.

कौलांसाठी लाइट रेड आणि बर्न्ट सिएना. उजवीकडचा उतार फिका, जवळजवळ पहिल्या वॉशचाच, डावीकडचा दाट. एकेक कौल काढू नका. कडेला आणि कौलं सरकलेल्या दोन-तीन जागी खुणा केल्या की डोळा बाकीची भरून घेतो. पत्र्याचं छप्पर असेल तर त्यावर आकाशाचाच करडा निळा येतो. भिंतीची सावलीतली बाजू अल्ट्रामरीन, थंड लाल आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाने एकाच हातात रंगवा आणि ओली असतानाच तळाशी ऑकरचा थेंब सोडा. अंगणातल्या मातीवरून परतलेला उजेड भिंतीच्या खालच्या भागात असतो. तो नसला की भिंत पुठ्ठ्याची वाटते.

शेतात सगळी धाटं रंगवायचा मोह आवरा. रॉ सिएना, सॅप ग्रीन आणि थोडा बर्न्ट सिएना यांचं दाटसर मिश्रण १२ नंबरच्या ब्रशवर घ्या, ब्रश टिपा आणि आडवा धरून कागदाच्या खरखरीवरून झटकन ओढा. हा ड्राय ब्रश. कागदाच्या खळग्यांत उरलेले पांढरे कण दवासारखे चमकतात. पुढच्या कडेलाच काही धाटं आणि कणसं स्पष्ट काढा. मागे जाताना खुणा लहान, फिक्या आणि आडव्या होत जाऊ द्या.

## टप्पा ७: सावल्या

सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या साडेपाचपटीहून थोडी जास्त लांब पडते. म्हणजे माणसाच्या उंचीच्या कुंपणाचीही सावली वाट ओलांडून पलीकडे जाते. आखूड सावल्या घातल्या की चित्रात दुपार होते, बाकी सगळं कितीही बरोबर असो.

अल्ट्रामरीन आणि थंड लाल, त्यात बर्न्ट सिएनाचा कण. पातळ मिश्रण, भरलेला ब्रश, एका जागी एकच हात. सावलीवरून दुसऱ्यांदा ब्रश गेला की खालचा ऑकर उठतो आणि चिखल होतो. सावली गाडीवाटेच्या खोलगट चाकोरीत शिरताना वाकते, बांधावर चढताना तुटते. जमीन तशी आहे हे सावलीनेच सांगायचं.

तपासा: मधल्या धुक्याच्या पट्ट्यात एकही कडक सावली शिरलेली नाही ना? शिरली असेल तर ओल्या ब्रशने लगेच तिची कड विरघळवा.

## टप्पा ८: माणसं आणि शेवटचा गडद

माणसं दोन किंवा तीन, शेकोटीपाशी किंवा वाटेवर. जमीन सपाट असेल आणि आपणही त्याच जमिनीवर उभे असू, तर जवळच्या-दूरच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेवर येतात; बदलते ती पायांची जागा. हे चुकलं की दूरचा माणूस लहान मुलासारखा दिसतो किंवा हवेत तरंगतो.

आकार एकसंध ठेवा. डोक्यावरून घेतलेली घोंगडी म्हणजे वर निमुळता, खाली पसरलेला एकच डाग. चेहरा, बोटं नकोत. पायांजवळ रंग विरवा. एखादीच्या पदराला किंवा एखाद्याच्या मफलरला लाल द्या, आणि संपूर्ण चित्रात तेवढाच शुद्ध लाल राहू द्या.

मग सर्वांत गडद टोन: दाराचा अंधार, गाडीच्या चाकाची आतली बाजू, वळचणीखालची रेघ. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळून. हे गडद फक्त जवळच्या भागात. मधल्या झाडीत एक जरी पाच नंबरचा टोन गेला तरी धुकं फाटतं. रिगरने एखाद-दोन बाभळीच्या फांद्या काढायच्या तर आताच, पुढच्या कडेला.

पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) हवाच असेल तर तो आता, न मिसळता, ठिपक्यापुरता: बैलाच्या शिंगावरचा उजेड, हंड्याची कड. धुक्यावर नाही.

## बिघडलं तर काय वाचतं, काय नाही

झाडीची कड कडक झाली असेल तर वाचते. पूर्ण सुकू द्या, स्वच्छ ओल्या ब्रशने ती कड हलकेच चोळा, टिश्यूने वरून दाबा. टिश्यू घासू नका. डोंगर गडद झाला असेल तर पायथ्याशी याच पद्धतीने दोन-तीन वेळा उचलून फिका करता येतो. माथा तसाच सोडा.

आकाशात फुलकोबी उमटली असेल तर ती बहुधा राहते. तिथे झाडाचा शेंडा उंच नेऊन झाकता आली तर पाहा. चिखल झालेलं शेत मात्र वाचत नाही. त्यावर आणखी रंग चढवून चित्र जड होतं. त्यापेक्षा तेच टोनचित्र समोर ठेवून दुसरा कागद ताणा. क्रम हाताला माहीत झालेला असतो, म्हणून दुसरं चित्र निम्म्या वेळात होतं.

## सुकल्यावर

टेप काढायला घाई नको. कागद हाताच्या पाठीला गार लागत नाही याची खात्री झाल्यावर टेप चित्राच्या बाहेरच्या दिशेने, कागदालगत तिरका ओढत काढा. सरळ वर ओढला तर कागदाची साल निघते. टेप फार घट्ट बसला असेल तर ड्रायरची ऊब लांबून द्या.

कागद वाकला असेल तर मागच्या बाजूने अगदी हलका ओलावा देऊन, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून, वर जड पुस्तकं रचून रात्रभर राहू द्या.

फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. टेकलेल्या काचेआड दमटपणा अडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. कोकणात आणि मुंबईत तर हे हमखास होतं. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आणि थेट उन्हात चित्र लावू नका. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळती राहते.